घरी गाडीचं इंजिन उतरवायचंय? आधी पायाखालची जमीन बघा

गावात इंजिन उतरवायचा विषय निघाला की पहिला प्रश्न असतो, चेन ब्लॉक (वजन उचलायची साखळीची कप्पी) कुणाकडं आहे? एकाकडं बोअरची मोटार काढायची तिपाई असते, दुसऱ्याचा ट्रॅक्टर रिकामा उभा असतो, कुणाच्या ओळखीत जेसीबीवाला असतो. जे हाती लागेल त्यावर काम सुरू होतं. माझं म्हणणं असं की अवजार सगळ्यात शेवटी ठरवावं. त्याआधी तीन गोष्टी बघायच्या: इंजिन कुठल्या वाटेनं बाहेर येणार, गाडी कशावर उभी आहे, आणि डोक्यावर किती उंची मोकळी आहे. ही तीन उत्तरं मिळाली की पद्धत बहुतेक ठरूनच जाते. बऱ्याचदा ती शेजाऱ्याकडच्या अवजारापेक्षा वेगळी निघते.

ज्यांनी ऑइल, प्लग, ब्रेक शू घरी बदललेत आणि आता पहिल्यांदाच इंजिनाला हात घालणार आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. कुठला बोल्ट किती नंबरच्या पान्यानं सुटतो ते गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळेल. ते मॅन्युअल मिळवल्याशिवाय सुरुवातच करू नका.

पहिली पायरी: खरंच उतरवावं लागणार आहे का?

क्लच प्लेट गेली असेल तर बहुतेक गाड्यांत फक्त गिअरबॉक्स खाली घेऊन काम होतं. हेड पॅकिंग उडालं असेल तर हेड (इंजिनाचं वरचं झाकण) जागेवरच काढता येतं. चेंबरमधून (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीतून) ऑइल गळत असेल तर चेंबर खालून निघतो. काही लहान इंजिनांत तर हेड आणि चेंबर काढून पिस्टन वरून बाहेर येतात आणि रिंगा जागेवर बदलता येतात, फक्त खालचा क्रॉसमेंबर (गाडीखालची आडवी लोखंडी पट्टी) आड येत नाही ना ते बघावं लागतं. सिलिंडर बोअर करायचं, क्रँक ग्राइंड करायचा, मेन बेअरिंग बदलायचं, ब्लॉकला तडा गेलाय, किंवा पूर्ण इंजिनच बदलायचं, अशा वेळी मात्र उतरवण्यावाचून गत्यंतर नाही.

गाडी निळा धूर मारते एवढ्यावरून निर्णय घेऊ नका. आधी कॉम्प्रेशन तपासून घ्या. व्हॉल्व्ह सील गेलेले असले तरी निळा धूर येतो आणि ते काम हेडपुरतंच असतं.

दुसऱ्या कंपनीचं किंवा दुसऱ्या नंबरचं इंजिन बसवणार असाल तर पान्याला हात लावायच्या आधी आरटीओत चौकशी करा. आरसीवर इंजिन नंबर असतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीत असे बदल करण्याचे नियम आहेत. जुन्या इंजिनाच्या नंबरचा स्वच्छ फोटो काढून ठेवा.

दुसरी पायरी: इंजिनाची वाट ओळखा

बोनेट उघडा आणि बेल्ट-पुल्या कुठल्या बाजूला आहेत ते बघा. पुल्या रेडिएटरकडं तोंड करून असतील तर इंजिन उभं बसवलेलं आहे, म्हणजे गाडीच्या लांबीच्या रेषेत. महिंद्राच्या जीपा, बोलेरो, टाटा सुमो, जिप्सी, जुनी अॅम्बेसेडर आणि पद्मिनी या सगळ्या अशा. पुल्या डाव्या किंवा उजव्या चाकाकडं असतील तर इंजिन आडवं. मारुती ८०० पासून स्विफ्टपर्यंतच्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्या अशा असतात.

उभं इंजिन वरून निघतं. त्यात काम सरळ आहे: बोनेट, रेडिएटर, फॅन आणि बऱ्याच गाड्यांत पुढची जाळी काढली की समोर मोकळी वाट तयार होते. गिअरबॉक्स गाडीतच ठेवून एकटं इंजिन पुढं सरकवून उचलता येतं. अशा वेळी गिअरबॉक्सखाली जॅक किंवा लाकडी ठोकळा हवाच. तो नसेल तर इंजिन सुटतानाच गिअरबॉक्सचा सगळा भार क्लच प्लेटमधून जाणाऱ्या शाफ्टवर येतो, प्लेट वाकते, आणि हे कळतं ते सगळं परत बसवून गाडी रस्त्यावर आल्यावर.

आडवं इंजिन गिअरबॉक्ससकट निघतं आणि त्याला दोन वाटा असतात, वर किंवा खाली. लहान गाडीत वरून काढता येतं, पण जागा इतकी कमी की गिअरबॉक्सची बाजू खाली तिरकी करून, फिरवून काढावं लागतं. नव्या गाड्यांत इंजिन, गिअरबॉक्स आणि खालची सबफ्रेम (ते ज्यावर बसतात ती लोखंडी चौकट) एकत्र खाली सोडायची सोय असते आणि कारखान्यातही ते खालूनच चढवतात. तुमच्या गाडीचं मॅन्युअल ‘खाली’ म्हणत असेल तर वरून काढायचा हट्ट धरू नका. एसी कॉम्प्रेसर, वायरिंग आणि ब्रेकच्या नळ्या यांतून वाट काढताना कुठली तरी नळी तुटतेच.

ओम्नीचा प्रकार वेगळा. तिचं इंजिन पुढच्या सीटांखाली असतं. सीट आणि झाकण काढून वरून हात घालता येतो, पण इंजिन खालीच सोडावं लागतं.

वजनाचा अंदाज आत्ताच घ्या. ८०० सीसीचं तीन सिलिंडरचं पेट्रोल इंजिन गिअरबॉक्स धरून अंदाजे शंभर किलोच्या आसपास जातं. हॅचबॅकचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन गिअरबॉक्ससह दीडशेच्या घरात, लहान डिझेल त्याहून बरंच जड, आणि जीप-बोलेरोचं डिझेल इंजिन एकटंच दोनशेच्या पुढं. हे आकडे ढोबळ आहेत. म्हणून कुठलीही व्यवस्था करताना ५०० किलोच्या हिशोबानं करा. इंजिन कुठं तरी अडकतं, माणूस साखळी ओढत राहतो आणि ताण वजनाच्या दुप्पट होतो. ती जादाची ताकद अशाच वेळी कामाला येते.

तिसरी पायरी: जमीन

मराठवाड्यात हा मुद्दा सगळ्यात मोठा आहे. परदेशातले व्हिडिओ गुळगुळीत काँक्रीटच्या गॅरेजमध्ये काढलेले असतात, त्यांत जमिनीचा विषयच निघत नाही. आपल्याकडं गोदावरी, पूर्णा, दुधना, मांजरा यांच्या काठची जमीन खोल काळी आहे. पाण्यानं फुगते, उन्हानं आकसून भेगाळते. पावसाळ्यानंतर वरचा थर वाळून टणक दिसतो, पण टाच दाबली तरी आतली ओल कळते. अशा जमिनीवर जॅक आणि घोड्या (जॅक स्टँडला गॅरेजवाले घोडीच म्हणतात) हळूहळू एका बाजूनं खचतात. खचणं एकदम झालं असतं तर माणूस सावध झाला असता. ते अर्ध्या तासात बोटभर होतं आणि आपण गाडीखाली बोल्ट सोडवत असतो.

उघड्या काळ्या मातीवर हे काम करूच नका, मोसम कुठलाही असो. उन्हाळ्यात फळी टाकून भागेल असं वाटतं, पण फळीचं एक टोक भेगेवर आलं की भार पडताच ते बसतं.

मुरूम टाकून, पाणी मारून, धुम्मस करून दाबलेलं अंगण बरं. त्यावर तिपाई किंवा कमान (दोन बाजूंना पाय आणि वर आडवा गर्डर) उभी करता येते, मात्र प्रत्येक पायाखाली फूटभर चौरस जाड लोखंडी पाटा हवा. पाटा, चॅनेल, पाईप घ्यायला जालन्यात सोय आहे. तिथल्या स्टीलच्या धंद्यामुळं लहान तुकडेही मिळतात. चाकाची इंजिन क्रेन मात्र मुरमावर चालत नाही. तिचा बहुतेक भार पुढच्या दोन छोट्या चाकांवर येतो आणि मुरमात ती चाकं रुततात. ओढायला गेलं की क्रेन झटका खाते, टांगलेलं इंजिन झुलतं, आणि झुलणारं दीडशे किलो कुणालाही हातानं आवरत नाही.

शहाबादी फरशीचा अनेकांना भरवसा वाटतो. ती वरून कठीण असते, पण तिच्याखाली बऱ्याच ठिकाणी पोकळी राहिलेली असते. घोडीच्या टोकदार पायाखाली ती मधोमध फुटते. फरशीवर नाण्यानं किंवा हातोडीच्या दांड्यानं ठोकून बघा, भद्द आवाज आला की तिथं पोकळ आहे. अशा अंगणात १९ मिलिमीटरचे प्लायवूडचे दोन थर, सांधे एकमेकांवर न येतील असे टाकले तर तिपाईपुरतं काम होतं.

तडे न गेलेला चार इंची कोबा सगळ्यात उत्तम. तो घरी नसेल तर ओळखीत शोधा. राशीसाठी सिमेंटचं खळं करून घेतलेले शेतकरी आता पुष्कळ आहेत. सोयाबीनची सुगी संपली की ते खळं रिकामं असतं: सपाट, कठीण, वर आभाळ मोकळं. गाडी तिथं टोचन करून नेणं हे घरच्या मातीत जीव धोक्यात घालण्यापेक्षा कितीतरी सोपं. फक्त परत तूर किंवा हरभऱ्याची रास यायच्या आत आपलं काम उरकेल का, ते मालकाशी आधी बोलून घ्या.

उतार तपासा. पाणी वाहून जावं म्हणून अंगणाला आणि खळ्याला उतार दिलेलाच असतो. गवंड्याची लेव्हल पाईप लावून बघितली की कळतं. गाडीच्या लांबीत दोन-तीन इंचांचा फरक निघाला तर क्रेन आपोआप उताराकडं पळू लागते. अशा जागी चाकांची क्रेन टाळा, किंवा क्रेनचं तोंड चढाकडं ठेवून मागच्या चाकांना पाचर लावा.

चौथी पायरी: डोक्यावरची उंची

हा हिशोब कागदावर करा. वरून काढलेलं इंजिन बोनेटच्या कुलपाच्या पट्टीवरून पार व्हायला हवं. ती पट्टी जमिनीपासून साधारण ८५ सेंटिमीटरवर असते. इंजिनाची स्वतःची उंची ६५ धरा. झाले १५०. त्यावर उचलायची साखळी ३० आणि चेन ब्लॉकला वरच्या हुकापासून खालच्या हुकापर्यंत कमीत कमी लागणारं अंतर ४० धरा. एकूण २२०. म्हणजे आडवा गर्डर खालून किमान सव्वादोन मीटरवर आणि सोयीसाठी अडीच मीटरवर, आठ फुटांच्या थोडं वर. जीप-बोलेरोसारख्या उंच गाडीला आणखी फूटभर लागेल, जाळी काढली तर थोडं कमी. पत्र्याच्या शेडच्या उताराकडच्या बाजूला ही उंची बहुधा मिळत नाही, म्हणून गाडीचं तोंड उंच बाजूला करून आत घ्या.

उंची मिळाली याचा अर्थ छताला टांगायचं असा नाही. माळवदाच्या घराच्या तुळया आधीच मातीचा मोठा भार पेलून उभ्या असतात आणि जुन्या सागाला आतून वाळवी लागलेली बाहेरून दिसत नाही. तुळईला इंजिन टांगणं म्हणजे घराशी खेळणं. पत्र्याच्या शेडचे अँगल पत्रा आणि वारा एवढ्यासाठीच केलेले असतात. स्लॅबमधला पंख्याचा हुक पंख्यापुरताच. लिंबाच्या नाहीतर चिंचेच्या फांदीचा मोह होतो खरा, पण फांदीची आतली पोकळी वरून कळत नाही आणि फांदी लवचीक असल्यानं इंजिन सुटताच वर-खाली उसळतं. या चारही ठिकाणी टांगू नका. कोण किती वर्षं तसं करत आलंय याला इथं महत्त्व नाही.

पाचवी पायरी: आता अवजार

इंजिन क्रेन. कठीण, सपाट जमीन आणि गाडीसमोर एका गाडीएवढी मोकळी जागा असेल तर नवख्यासाठी हीच पहिली पसंती. एकटा माणूस ती चालवू शकतो, पंप मारला की वर, व्हॉल्व्ह हळू सैल केला की खाली, आणि गाडी हलवावी लागत नाही. घेताना किंवा भाड्यानं आणताना एक गोष्ट समजून घ्या. ‘दोन टन’ असं लिहिलेलं असतं ते हात पूर्ण आत असताना. हात बाहेर ओढत गेलं की प्रत्येक भोकाला ताकद कमी होते आणि शेवटच्या भोकाला ती साधारण अर्ध्या टनावर येते. हातावर प्रत्येक भोकाजवळ आकडा असतो, तो वाचा. आकडे पुसले गेले असतील तर ती क्रेन घेऊ नका. क्रेनचे पाय गाडीच्या पुढच्या भागाखाली शिरतात का, तेही आधीच मोजा. छत्रपती संभाजीनगर, लातूर, नांदेड इथल्या औद्योगिक वसाहतींच्या आसपास क्रेन भाड्यानं देणारे मिळतात. तालुक्याच्या गावी मोठ्या गॅरेजवाल्याला विचारा. इंजिन बोअरला त्याच्याकडंच देणार असाल तर तो क्रेनसुद्धा देईल.

कमान आणि चेन ब्लॉक. जिथं क्रेनची चाकं चालत नाहीत तिथं हे. दोन बाजूंना इंग्रजी ए अक्षराच्या आकाराचे पाईपचे पाय, वर आडवा गर्डर, त्याला एक टनाचा चेन ब्लॉक. पायांमधल्या अडीच मीटरच्या गाळ्याला १०० मिलिमीटरचा आय सेक्शन (इंग्रजी आय अक्षराच्या आकाराचा गर्डर) अर्ध्या टनाला भरपूर होतो. पाय आणि गर्डरच्या कोपऱ्यांत तिरकस टेकू हवेतच, नाहीतर कमान बाजूला कलंडते. हे वेल्डिंग शिकाऊ हातानं करू नका, चांगल्या फॅब्रिकेटरकडून करून घ्या. चेन ब्लॉकवर आयएस ३८३२ हे मानक आणि क्षमता कोरलेली असते, ती बघून घ्या. भाव थोडा जास्त पडला तरी चालेल. चेन ब्लॉकचा मोठा गुण म्हणजे साखळी सोडली की भार आहे तिथंच थांबतो आणि इंजिन बोटाच्या पेराएवढंही वर-खाली करता येतं. इंजिन परत बसवताना या बारीक हालचालीची किंमत कळते.

कमानीत इंजिन जागेवरच वर जातं आणि गाडी मागं ढकलावी लागते. आडव्या इंजिनाच्या गाडीत इथं एक खोच आहे. पुढच्या चाकाचं बेअरिंग हे एक्सलच्या टोकानं आणि त्याच्या नटानं आवळलेलं असतं. एक्सल पूर्ण काढून गाडी चाकावर ढकलली तर बेअरिंग सुटं होऊन खराब होतं. म्हणून एक्सलचं फक्त गिअरबॉक्सकडचं टोक काढा, चाकाकडचं तसंच ठेवा आणि मोकळं टोक तारेनं वर बांधा. तारेचा ताण रबरी बूटवर येऊ देऊ नका.

बोअरची तिपाई. बोअरमधली मोटार काढणारे लोक आपल्याकडं गावोगाव आहेत आणि साखळी कशी हाताळायची हे त्यांना चांगलं कळतं. त्यांची मदत मोलाची आहे. पण त्यांची तिपाई बोअरच्या भोकासाठी केलेली असते, पाय फार फाकत नाहीत. लहान गाडीसुद्धा दीड मीटर रुंद असते. पाय फाकवून गाडी मधून जाईल एवढी जागा केली की तिपाईची उंची उतरते. म्हणून ती आधी रिकामी उभी करून मापं घ्या. बसत असेल तर तिन्ही पाय खालून साखळीनं एकमेकांना बांधा, नाहीतर गुळगुळीत कोब्यावर ते बाहेर सरकतात. आणि भार असताना तिपाई सरकवायची नाही, कितीही थोडं असलं तरी.

खाली सोडणं. मॅन्युअलनं सांगितलं असेल तरच आणि तेही शक्यतो दुसऱ्यांदा इंजिन उतरवताना. यात इंजिन ट्रॉलीवर टेकवून गाडीचं तोंड वर घ्यावं लागतं, बंपरखाली ७० सेंटिमीटरच्या आसपास मोकळी जागा होईपर्यंत. इंजिन निघाल्यावर पुढचं वजन गेलेलं असतं आणि गाडी मागं जड होते. चारही कोपरे घोड्यांवर असतील तर ती मागं झुकू शकते. मागची चाकं जमिनीवरच ठेवा आणि त्यांना दोन्ही बाजूंनी पाचर लावा. सबफ्रेम सोडण्याआधी ती बॉडीला जिथं टेकते तिथं रंगानं खुणा करा, नाहीतर परत बसवल्यावर गाडी एका बाजूला ओढेल. स्टीअरिंगचा सांधा सोडताना स्टीअरिंग सरळ करून बांधून ठेवा. ते मोकळं फिरलं तर एअरबॅगची आतली पट्टी तुटते.

घरी सर्व्हिसिंगचा खड्डा आहे म्हणून काहींना खाली सोडणं सोपं वाटतं. खड्ड्यात उतरवलेलं इंजिन खड्ड्यातून वर काढायला परत चेन ब्लॉकच लागतो. खड्डा खालचे बोल्ट सोडवायला फार उपयोगी आहे, तेवढ्यासाठीच वापरा. आणि पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्यानं खड्ड्यात साठते, तिथं पेट्रोलची नळी उघडू नका.

ट्रॅक्टर, जेसीबी, यारी. विहिरीच्या यारीला मलबा झपाट्यानं वर घ्यायचा असतो, इंजिनाला हवी असते इंच-इंच हालचाल. जेसीबीच्या चालकाला बोनेटच्या आत काय अडकलंय ते दिसत नाही आणि लीव्हर जरासा जास्त ओढला की माउंटिंग (इंजिन गाडीला धरून ठेवणारे आधार), नळ्या, हात, जे मधे असेल ते जातं. ट्रॅक्टरच्या मागच्या हायड्रोलिकला लांब दांडा लावून उचलणारे आहेत. दांडा जितका लांब तितकी ताकद कमी, आणि जुन्या ट्रॅक्टरचं हायड्रोलिक भाराखाली हळूहळू खाली बसत जातं. बाहेर काढून जमिनीवर ठेवलेलं इंजिन पिकअपमध्ये चढवायला ट्रॅक्टर चालेल. गाडीतून काढायला या तिन्हींपैकी काहीही नको.

राहिला वासा घालून चार जणांनी उचलायचा प्रकार. मारुती ८०० चं इंजिन गॅरेजमध्ये तसं उचलतात हे खरं. ती माणसं रोज एकमेकांबरोबर उचलतात. आपल्याकडं त्या दिवशी जमलेले भाऊ-मित्र असतात, त्यातल्या एकाचा पाय घसरला की बाकी तिघांच्या कमरेवर येतं.

सहावी पायरी: उचलण्याआधी

दिवस निवडा. दिवाळी ते होळी हा आपल्याकडं या कामाचा काळ. एप्रिल-मेमध्ये दहानंतर बोनेटला हात लाववत नाही आणि दुपारून वळवाचं वादळ कधी उठेल सांगता येत नाही. उघड्यावर टांगलेलं इंजिन आणि वावटळ ही जोडी नको. पहाटे सुरू करा, उचलणं अकराच्या आत संपवा. विजेवर अवलंबून राहू नका, बॅटरीचे दोन दिवे चार्ज करून ठेवा.

बॅटरी सोडताना निगेटिव्ह टोक आधी काढा. इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत नळीत दाब शिल्लक असतो: बॅटरी सोडण्याआधी पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. कॉमन रेल डिझेलमध्ये (सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून डिझेल देणाऱ्या इंजिनात) हजार बारच्या वर दाब असतो, इंजिन बंद करून बराच वेळ जाऊ द्या आणि चालू इंजिनाची नळी तर कधीच सैल करू नका. एसीचा गॅस हवेत सोडू नका, एसीवाल्याकडून काढून घ्या किंवा कॉम्प्रेसर नळ्यांसकट बाजूला बांधता आला तर तसं करा. सीएनजी किट असेल तर त्या नळ्या किटवाल्याकडूनच सोडवून घ्या. हायब्रीड गाडीच्या नारिंगी केबलींना हात लावू नका, ते काम घरचं नाही.

कूलंटचं मात्र जपून करा. ते चवीला गोड आणि विषारी असतं. अंगणात सांडलं तर कुत्री, शेळ्या, वासरं चाटतात. झाकणाच्या कॅनमध्ये भरा, गोठ्यापासून लांब ठेवा. काळं ऑइल ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका. आपल्याकडं पाणी आधीच कमी, त्यात एका चेंबरभर ऑइलनं विहीर वर्षानुवर्षं वास मारते. ते गॅरेजवाल्याला द्या, त्याच्याकडून जुनं ऑइल गोळा करणारे नेतात.

प्रत्येक वायर, पाईप, सॉकेट सोडण्याआधी फोटो आणि कागदी चिकटपट्टीवर खूण. बोल्ट वेगवेगळ्या पिशव्यांत. याला कंटाळू नका.

उचलायची जागा म्हणजे इंजिनावर कंपनीनं दिलेले लोखंडी हुक, सहसा हेडच्या दोन टोकांना. ते गेले असतील तर ब्लॉक किंवा हेडच्या मजबूत भोकात ८.८ ग्रेडचा बोल्ट पूर्ण आटे बसवून आणि जाड वायसर घालून साखळी धरा. मॅनिफोल्ड, अल्टरनेटरची पट्टी, प्लास्टिक कव्हर यांना काहीही बांधू नका. सोल, नाडा, दावं, दुचाकी ओढायची नायलॉन दोरी, यातलं काहीही इथं चालत नाही. क्षमता छापलेली साखळी किंवा पट्टाच घ्या.

साखळी आखूड घेतली की उंची वाचते म्हणून लोक ती फार ताणून बसवतात. दोन बाजूंमधला कोन ६० अंशांच्या आत ठेवा. तो १२० अंशांवर गेला की प्रत्येक बाजूवर अख्ख्या इंजिनाइतका ताण येतो आणि शिवाय हुक आतल्या बाजूला ओढले जाऊन वाकतात.

सातवी पायरी: उचलताना

एकच माणूस बोलणार, बाकीचे ऐकणार. हे आधी ठरवून घ्या, कारण गावात इंजिन निघतंय म्हटल्यावर बघणारे जमतातच आणि प्रत्येक जण सल्ला देतो. मुलांना आणि बघ्यांना कमानीच्या उंचीएवढ्या अंतरावर उभं करा. एक जण साखळीवर किंवा पंपावर, एक जण इंजिनाजवळ कडेनं हात लावून. खाली कुणी नाही, हातसुद्धा नाही.

माउंटिंगचे बोल्ट काढण्याआधी साखळीवर थोडा ताण घ्या, म्हणजे इंजिन सुटताच खाली बसणार नाही. मग बोल्ट काढा आणि इंजिन दोन इंच उचलून पाच मिनिटं थांबा. या पाच मिनिटांत पायांखालचे पाटे, गर्डर, वेल्डिंगचे सांधे, साखळीचा प्रत्येक हुक बघा. काही खचतंय, वाकतंय, कुरकुरतंय असं वाटलं तर परत खाली घ्या. याच वेळी विसरलेली एखादी वायर किंवा अर्थची पट्टी ताणलेली दिसते, आणि एखादी तरी राहिलेली असतेच.

त्यानंतर दर चार-सहा इंचांनी थांबत वर. अडलं तर जोर लावू नका, काय अडलंय ते शोधा.

पूर्ण वर आलं की एक तर क्रेन मागं घ्या, नाहीतर गाडी मागं ढकला, आणि ढकलण्याआधी हँडब्रेक सोडलाय, पाचर काढलीय, गाडीखाली एकही घोडी राहिलेली नाही ना ते एकदा वाकून बघा. इंजिन लगेच खाली घ्या. टांगलेलं ठेवून जेवायलासुद्धा जाऊ नका. जुन्या टायरवर ते नीट बसतं आणि चेंबरचा पत्रा चेपत नाही.

आठवी पायरी: परत बसवायच्या दिवसाचं आत्ताच ठरवा

बोअर, क्रँक, पार्ट मिळणं यात आठवडे जातात. भाड्याची क्रेन परत गेलेली असते, ज्यानं खळं दिलं त्याची रास येते, मदतीचे हात ऊसतोडीच्या आणि वाहतुकीच्या हंगामात अडकतात. परत बसवणं हे उतरवण्यापेक्षा अवघड, कारण गिअरबॉक्सचा शाफ्ट क्लच प्लेटच्या मधोमध अचूक जायला हवा. त्यासाठी तीच कठीण जमीन, तीच उंची, तेच अवजार लागणार आहे. म्हणून ज्याच्याकडून जे घेतलं त्याच्याकडून दोन्ही दिवसांचा शब्द एकदमच घ्या. कमान स्वतःची असेल तर ही चिंता उरत नाही, आणि गावात दोन-तीन जण मिळून एक कमान करून ठेवावी असं मला वाटतं ते याचसाठी.

मधल्या काळात गाडी सावलीत, चाकांना पाचर लावून उभी ठेवा. पेट्रोलच्या, ब्रेकच्या, कूलंटच्या उघड्या नळ्यांना टोपणं किंवा स्वच्छ प्लास्टिक बांधा. वायरिंगचे गठ्ठे वर टांगा. धान्याच्या खोलीजवळ गाडी असेल तर उंदरांचा बंदोबस्त पहिल्याच दिवशी करा. रिकाम्या बोनेटमध्ये ते आठवड्याभरात घर करतात आणि कुरतडलेली वायर शोधायला इंजिन उतरवण्यापेक्षा जास्त वेळ जातो.